रिजेक्ट माल

जानेवारी सरत आला की तिकडे गालिचे अंथरतात.
इकडे उद्यमनगरात दस्तगीर फौंड्रीच्या मागचं शटर
अर्धंच वर ढकलतो, आणि आम्ही वाकून आत शिरतो:
मी, बाळासो मगदूम, आणि पोस्टातनं रिटायर झालेल्या कुसाळकर बाई,
ज्यांनी आजवर कुठल्याच सिनेमाला
पाचातले साडेतीनच्या वर दिलेले नाहीत.
"सासूलासुद्धा मी तीनच दिले," म्हणतात.

आमची वही गुळाच्या अडतीतली, लाल बांधणीची.
ढेपा मांडायच्या तिथं सिनेमांची नावं,
पुढं आवक-जावक:
कितीदा घसा दाटला, कितीदा घड्याळ बघितलं,
मध्यंतरानंतर किती खुर्च्या रिकाम्या राहिल्या.
बाळासो सिनेमा ढेपेसारखा पारखतो.
नखानं कोपरा उकरायचा, जिभेवर ठेवायचा.
"रंगाला भुलू नगंस. एवढा पिवळाधमक हाय
म्हंजे पावडर मारलीया."

तिकडचा निकाल आम्ही रात्रभर जागून बघतो
आणि चिडायला दुसऱ्या दिवशी रजा टाकतो.
ज्याला मिळायला हवं तो यादीतच नसतो.
ज्याला मिळतं तो स्टेजवर रडतो,
आणि बाई म्हणतात, बघा, येतंय की रडता.
मग सिनेमात काय झालं होतं?

म्हणून आमचं आपलं बक्षीस.
पंपाच्या एखाद्या कास्टिंगला आत बुडबुडा राहिला,
गिऱ्हाइकानं परत पाठवलं, की ते वितळवून
दस्तगीर त्याची बाहुली ओततो.
तिला नाक नीट येत नाही. अडीच किलो भरते.
आजवर कुणी न्यायला आलेलं नाही,
कारण आजवर आम्ही कुणाला कळवलेलंच नाही.
नऊ बाहुल्या भट्टीमागं ओळीनं उभ्या आहेत, काळ्या पडून.

यंदा तीन रात्री भांडून एकमत झालं.
संध्याकाळची मालिका, भाग दोनशे बारा.
बंगल्यात इस्टेटीवरनं सगळे ओरडत असताना
मागनं एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन येते.
अकरा सेकंद. वाक्य नाही.
ती तांब्या टेबलावर ठेवते, आणि ठेवताना
आवाज होऊ नये म्हणून
तळाखाली करंगळी घालते.

ती करंगळी मी चौदा वेळा बघितली.
माझ्या वहीत त्या पानावर दुसरं काही नाही.

दस्तगीर म्हणाला, हिला तरी देऊन येऊ.
पत्ता मिळायला आठवडा गेला. मालन डवरी, फुलेवाडी,
पाचवा स्टॉप, गिरणीच्या बोळात.
दोन गाड्यांवर चौघं, मध्ये पोत्यात बाहुली.
दार उघडलं तेव्हा तिचे हात पिठात होते.
"कुठली मालिका? तीन ठिकाणी तांब्या नेते मी."

तिनं तो भाग बघितलाच नव्हता.
त्या वेळेला ती पोरांच्या मेसवर भाकऱ्या करते.
मी मोबाइल धरला. ती दोन पावलं मागं सरली,
मान जराशी तिरकी केली,
अकरा सेकंद संपल्यावर म्हणाली, परत लावा.

परत लावलं.

"तांब्या रिकामा हाय," ती म्हणाली. "कळतंय की.
भरल्याला असा उचलत्यात व्हय?
मी म्हटलं हुतं त्यास्नी, पाणी घाला.
म्हणाले, कोण बघतंय."

आम्ही चौघं तिच्या उंबऱ्याबाहेर.
चौदा वेळा.

बाहुली तिनं ओल्या हातानंच घेतली,
वजन बघितलं, नाकाबद्दल काही बोलली नाही.
चहा कोरा होता, दूध संपलेलं.
परत येताना बाई गंगावेशीपर्यंत गप्प,
मग माझ्या पाठीमागनं म्हणाल्या,
"अर्धा काप."

परवा बाळासो गूळ पोचवायला त्या मेसवर गेला होता.
म्हणाला, बाहुली दाराला लावलीया,
वाऱ्यानं आपटू नये म्हणून.